ब्रिटनीतील एक खेडे आणि आपला बांध

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषी विभागाच्या योजनेतून आपल्यापैकी काही शेतकरी परदेशाचा अभ्यासदौरा करून आले आहेत. बहुतेक दौऱ्यांत मोठी पॉलिहाऊस, यंत्रांची प्रदर्शने आणि फुलांचे लिलाव पाहायला मिळतात. ते पाहावेच. पण ज्या खेड्यात शेतकरी राहतो, ते खेडे मात्र बसच्या खिडकीतूनच मागे पडते. मला उन्हाळ्याचे काही आठवडे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील एका लहान वाडीत, दुग्धव्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाकडे राहण्याची संधी मिळाली. तेथे जे पाहिले आणि त्यातून स्वतःची जी चूक कळली, ती आज आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रदेशाची ओळख

ब्रिटनी हा फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात शिरलेला भाग आहे. फ्रेंच लोक त्याला ब्रेतान्य म्हणतात, तर तेथील मूळ भाषेत त्याचे नाव ब्रेझ असे आहे. पॅरिसहून आगगाडीने रेन शहर, तेथून गँगाँ आणि मग बसने रोस्त्रनेन या गावाच्या परिसरात पोहोचता येते. हा प्रांताचा मध्य भाग होय. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते, पण येथे ती नाही. जमीन हलकी आम्ल, खाली ग्रॅनाइट आणि शिस्ट खडक. पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, तो वर्षभर थोडा थोडा पडतो. रेनला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. म्हणजे मराठवाड्यातील कित्येक तालुक्यांएवढाच पाऊस, पण तो बारा महिन्यांत विभागलेला आणि ऊन सौम्य. म्हणून तेथे गवत वर्षातील बहुतेक काळ हिरवे राहते. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढचे सर्व ऐकावे.

गावांच्या नावांतूनही इतिहास कळतो. 'प्लू'ने सुरू होणारे नाव म्हणजे जुना चर्चचा परगणा, 'केर' किंवा 'त्रे' म्हणजे वाडी-वस्ती. रस्त्यावरील पाट्या फ्रेंच आणि ब्रेतों अशा दोन भाषांत असतात. ब्रेतों ही केल्टिक कुळातील भाषा. फ्रेंचशी तिचे जवळचे नाते नाही. एकेकाळी शाळेत ती बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडाव अडकवून त्याला लाजवत असत. आज ती बोलणारे सुमारे १ लाख लोक उरले असून त्यांत वृद्धच अधिक आहेत. मी राहिलो त्या घरातील आजी गाईंशी ब्रेतोंमध्ये बोलत आणि नातवंडांशी फ्रेंचमध्ये.

दिवस कसा जातो

सकाळी सहाला धारा सुरू होतात. सुमारे ४० गाई, नवरा-बायको दोघेच, गडी नाही. यंत्राने दूध निघते, थंड टाकीत साठते आणि संस्थेची गाडी ते घेऊन जाते. नंतर गाई गवताच्या पुढच्या वाफ्यात सोडतात. कुरणाचे तारेने भाग केलेले असतात. एका भागात एक-दोन दिवस चारले की त्याला विश्रांती.

जेवणात बटाटा, लोणी, सफरचंदाची सायडर आणि कुट्टूच्या पिठाचे गालेत. कुट्टूचे पीठ आपल्याकडे उपवासाला मिळते. गालेत म्हणजे कोकणातील घावनाची धाकटी बहीण समजा. फक्त ते बिलिग नावाच्या मोठ्या गोल लोखंडी तव्यावर, लाकडी फिरकीने पीठ पसरून करतात. हलक्या, आम्ल जमिनीत थोड्या खतावर तीन-साडेतीन महिन्यांत येणारे हे पीक पूर्वी गरिबांचे अन्न होते. आपल्या नाचणी-वरीसारखीच त्याची गोष्ट: मध्यंतरी मागे पडले, आता पुन्हा मागणी आहे.

पाहुण्याने काही गोष्टी पाळाव्यात. दुकानात किंवा अंगणात शिरताना प्रथम 'बाँझूर' म्हणावे, मग काम सांगावे. कुरणाचे फाटक ज्या स्थितीत दिसले त्याच स्थितीत ठेवावे. झुडपांतून फिरून आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहावे, कारण तेथील गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो. दुपारी दुकाने बंद असतात. आणि गमबूट असल्याशिवाय शेतात पाऊल ठेवू नये.

बांध गेले त्याची गोष्ट

आता मुख्य विषयाकडे येतो. ब्रिटनीची जुनी ओळख म्हणजे तेथील बांध. लहान लहान शेतांभोवती माती-दगडाचे उंच बांध, त्यांवर ओक, चेस्टनट, अॅश, हेझल यांच्या रांगा. या रचनेला बोकाज म्हणतात. झाडांच्या बाजूच्या फांद्या ठरावीक वर्षांनी छाटून सरपण काढत. बांधाने वाहते पाणी थोपत असे, झाडांनी समुद्राचा वारा अडत असे, गुरांना सावली मिळत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर देशाला अन्न हवे होते, ट्रॅक्टर आले आणि विखुरलेले तुकडे एकत्र करण्याचा कार्यक्रम जोरात राबवला गेला. त्याला रमांब्रमां असे नाव होते. त्याचा मूळ कायदा १९४१ चा. ब्रिटनीत काम मुख्यतः १९५० नंतरच्या तीन दशकांत झाले. आपल्याकडेही तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा मुंबई कायदा १९४७ सालचा आहे. हेतू दोन्हीकडे वाजवी होता. दहा ठिकाणी अर्धा-अर्धा एकर कसणाऱ्याचे हाल कोण जाणत नाही? पण ब्रिटनीत जमीन एकत्र करताना बुलडोझरने बांध आणि झाडेही सपाट केली. हजारो किलोमीटर बांध गेले. कोणाला चांगली जमीन मिळाली, कोणाला पाणथळ, यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर आले. काही गावांत ती भांडणे पुढच्या पिढीनेही चालवली.

यात शेतकऱ्याचा फायदाही झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गरीब प्रांत सधन झाला. शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. १९६१ साली भाजीपाल्याच्या पडलेल्या दरांवरून शेतकऱ्यांनी मोर्ले शहरातील सरकारी कचेरी ताब्यात घेतली. आलेक्सी गुर्वेनेक हा पंचविशीतला तरुण त्यांचा पुढारी होता. त्याच वर्षी सँ-पोल-द-लेओं येथे भाजी उत्पादकांची मोठी विक्री संस्था निघाली. फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडला पाठवण्यासाठी या शेतकऱ्यांनी स्वतःची जहाज कंपनी काढली आणि १९७३ पासून रोस्कॉफ ते प्लिमथ बोट सुरू केली. सहकारी साखर कारखाने उभारलेल्या महाराष्ट्राला यातील जिद्द वेगळी समजावून सांगायला नको.

नत्राचा हिशेब

आज फ्रान्सच्या एकूण शेतजमिनीपैकी ब्रिटनीत अवघी सुमारे ६ टक्के आहे, पण देशातील निम्म्याहून अधिक डुकरे आणि सुमारे पाचवा हिस्सा दूध तेथून येते. एवढ्या जनावरांना खायला काय घालायचे? मुरघासासाठी मका आणि जोडीला सोयापेंड. सोया दक्षिण अमेरिकेतून जहाजाने लोरियाँ आणि ब्रेस्टच्या बंदरात उतरतो.

येथे हिशेब मांडून पाहू. सोयाबीनमधले नत्र ब्राझीलच्या शेतातून निघाले. ते ब्रिटनीच्या जनावरांच्या पोटात गेले. त्यातला थोडा भाग दुधा-मांसातून बाहेर विकला गेला. मोठा भाग शेण-मूत्रात राहिला. ते शेतात टाकले, वर रासायनिक खतही दिले. पिकाने घेतले तेवढे घेतले. उरलेले नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली आणि ओढ्यात गेले. पूर्वी उतारावर बांध होते, ओढ्याकाठी गवत आणि झाडे होती. त्यांनी पाणी थोपवून नत्राचा काही भाग मुळांनी उचलला असता. ती अडवणूकच निघून गेली होती.

परिणाम पाण्यात दिसला. युरोपात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. १९९० च्या दशकात ब्रिटनीच्या नद्यांतील सरासरी या मर्यादेच्या आसपास पोहोचली. हे पाणी समुद्राच्या उथळ खाड्यांत जाऊन हिरव्या शेवाळाची बेसुमार वाढ झाली. शेवाळ किनाऱ्यावर कुजले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. २००९ साली सँ-मिशेल-आँ-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर या चिखलात एक घोडा मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. २०११ साली एका नदीच्या मुखाशी ३० हून अधिक रानडुकरे मेलेली सापडली. युरोपचा नायट्रेट कायदा १९९१ चा; त्यानंतर खतावर आणि शेणखत टाकण्याच्या काळावर निर्बंध आले, नद्यांतील प्रमाण उतरले, पण शेवाळ अजून संपलेले नाही.

ही परक्यांची गोष्ट नाही. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या विहिरींत ती ओलांडलेली आढळली आहे. असे पाणी तान्ह्या मुलांना विशेष घातक असते. युरियाची गोणी स्वस्त पडते म्हणून हात सैल सुटतो. त्याची किंमत विहीर मोजते.

गवत आणि तिपानी घास

ज्यांनी वेगळी वाट काढली तेही त्याच मातीतले शेतकरी होते. सँ-मायो गावचे शेतकरी आंद्रे पोशों यांनी मका-सोयाच्या वाटेने न जाता रायग्रास आणि पांढरा क्लोव्हर यांचे मिश्र कुरण हा आपल्या गोठ्याचा पाया केला. क्लोव्हर हा द्विदल घास. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात. गाय स्वतः चरते, स्वतः खत टाकते. दूध थोडे कमी निघते, पण पेंड, खत, डिझेल यांचा खर्च त्याहून अधिक घटतो. १९८२ साली त्यांनी आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी सेदापा नावाचा अभ्यासगट स्थापन केला. आधी त्यांची टिंगल झाली, पुढे संशोधकच त्यांचे हिशेब तपासायला आले.

मी राहिलो ते कुटुंब याच पद्धतीने शेती करते. गोठ्याच्या मालकाला मी विचारले, "गाईमागे दूध किती?" तो हसला आणि म्हणाला, "सगळे पाहुणे हाच प्रश्न विचारतात. मला विचार, वर्षअखेर हातात काय उरते आणि दुपारी मला झोप मिळते का." हे उत्तर मी माझ्या वहीत लिहून आणले आहे.

गाव टिकते कशाने

खेडे टिकायला पीक पुरत नाही, माणसे लागतात. मध्य ब्रिटनीतून गेल्या शतकात लोक सतत शहराकडे गेले. शेवटचे दुकान बंद झाले, मग चहा-कॉफीचे ठिकाण, मग मुले कमी म्हणून शाळेचा वर्ग. हा क्रम आपल्याही ओळखीचा आहे. आपल्याकडेही कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, ही चर्चा चालूच आहे.

त्या परिसरातील त्रेमार्गा हे सुमारे २०० वस्तीचे गाव या बाबतीत पाहण्यासारखे आहे. तेथे कॉफीघर आणि किराणा दुकान गावकऱ्यांच्या संस्था चालवतात. लोक पाळीपाळीने काउंटरवर बसतात. दुकानात आसपासच्या शेतांतील माल असतो. सरपंच एकच मुदत काम करतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला जागा देतो, असा तेथे रिवाज आहे. १९७० च्या दशकात आलेल्या तरुणांनी लहान शेते घेतली, गाव त्यांनी पुन्हा भरले.

त्यामागे कायद्याचाही आधार आहे. फ्रान्समध्ये १९४६ पासून शेतजमिनीचा करार साधारणतः किमान ९ वर्षांचा असतो आणि खंडावर मर्यादा आहे. म्हणून दुसऱ्याच्या जमिनीतही कूळ कुंपण आणि कुरण यांवर खर्च करायला धजते. शेतजमीन विकली जाताना साफेर ही १९६० च्या कायद्याने निर्माण झालेली संस्था मध्ये पडून ती नव्या शेतकऱ्याला मिळवून देऊ शकते. महागडी यंत्रे कुमा नावाच्या सहकारी गटांच्या मालकीची असतात. ही व्यवस्था १९४५ पासूनची. चार-सहा शेतकरी मिळून एक पेरणी यंत्र घेतात, वही ठेवतात, तासाप्रमाणे पैसे भरतात. आपल्याकडील सावड आणि इर्जिक यांना जमाखर्चाची वही जोडली की कुमा झाले.

त्यांच्याकडेही इर्जिक होतीच. नव्या घराची मातीची जमीन चोपायला शेजाऱ्यांना बोलावत, आणि ती चोपण्याचे काम नाचून होत असे. आपण खळे चोपतो, ते नाचत चोपत. शेतकामानंतरच्या अशा मेळ्यांतूनच फेस्त-नोझ ही रात्रीच्या सामुदायिक नाचाची परंपरा आली. २०१२ साली तिची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. मी एका फेस्त-नोझला गेलो होतो. आजोबा, शाळकरी पोरे, शहरातून आलेली सून, सगळे करंगळीत करंगळी अडकवून एकाच रांगेत. कोणी प्रेक्षक नाही.

माझी चूक

आता माझी चूक सांगतो. २०१४ साली मी नुकताच पदव्युत्तर शिक्षण संपवून घरी आलो होतो. आमच्या रानात दोन बांध होते. त्यांवर बाभळी, एक कडुनिंब आणि बोरी. "सावलीने चार ओळींचे नुकसान होते, ट्रॅक्टर वळत नाही," असे मी वडिलांना समजावले आणि एका दिवसात दोन्ही बांध काढून घेतले. वडील काही बोलले नाहीत. कडुनिंब पाडताना तेवढे घरी निघून गेले. पहिली दोन वर्षे पीक वाढले. तिसऱ्या वर्षी मृगाच्या एका जोरदार पावसात वरच्या रानाची माती खालच्या ओढ्यात गेली. उताराच्या डोक्यावर आज मुरूम उघडा आहे.

ब्रिटनीत एका संध्याकाळी त्या कुटुंबातील आजोबा मला शेताच्या कडेला घेऊन गेले. तेथे नवा मातीचा बांध आणि कमरेएवढी ओकची रोपे होती. २००७ पासून तेथे शासनाच्या मदतीने बांध पुन्हा लावण्याचा ब्रेझ बोकाज हा कार्यक्रम चालू आहे. तरीही लागवडीपेक्षा नाश अधिक आहे. आजोबा म्हणाले, "हा बांध माझ्या वडिलांनी राखला, मी अनुदान घेऊन पाडला, माझा मुलगा अनुदान घेऊन लावतो आहे. ओक मोठा व्हायला साठ वर्षे. पाडायला अर्धा तास लागला होता." मला आमचा कडुनिंब आठवला. मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, "मग तू लावलास का परत?" त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आपण काय घ्यावे

तिकडचे सगळे उचलून इकडे आणायचे नाही. पांढरा क्लोव्हर आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. पण तत्त्व आणता येते. पुढील गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

१. बांध कोरू नका. भावकीत बांधावरून कोर्टकचेरी होते, आणि दोन्हीकडून कोरत कोरत बांधाची रेघ उरते. दोघांनी बसून बांध दोघांचा म्हणून ठरवा आणि दोन्ही बाजूंनी भरून घ्या. उताराला आडव्या बांधावर वाळा किंवा स्थानिक गवत लावून तो बांधून घ्या.

२. बांधावर गिरिपुष्प, शेवरी, हादगा, शेवगा यांपैकी आपल्या भागाला मानवणारी झाडे लावा. गिरिपुष्पाच्या सुक्या पाल्यात सुमारे २.५ ते ३ टक्के नत्र असते. पावसाळ्यात छाटून पाला जमिनीत मिसळा.

३. सावलीची तक्रार खोटी नाही, पण तिला उपाय आहे. पूर्व-पश्चिम बांधाची सावली रब्बीत उत्तरेकडे पडते. त्या बाजूच्या दोन-तीन ओळींत चारा पीक घ्या. झाडांची दरवर्षी छाटणी करा. मुळे पिकात येऊ नयेत म्हणून बांधाच्या पायथ्यापासून थोडे अंतर सोडून दीड-दोन फूट खोल चर काढा.

४. गोठ्यासाठी द्विदल चारा स्वतः पिकवा. पाणी असेल तेथे लसूण घास आणि बरसीम, कोरडवाहूत स्टायलो, दशरथ घास, चवळी. पेंडेचे पोते जेवढे कमी, तेवढा हिशेब सोपा.

५. नत्राची मात्रा माती परीक्षणानुसार आणि विभागून द्या. शेणखत-लेंडीखतातून जाणारे नत्र मोजून तेवढा युरिया कमी करा. वर्षातून एकदा पिण्याच्या विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट तपासून घ्या.

६. चार-पाच जणांनी मिळून एक यंत्र घ्या, पण पहिल्याच दिवशी वही घाला. पाळी, डिझेल, दुरुस्ती हे लिहिलेले असेल तर मैत्री टिकते.

परतल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही वरच्या रानातील बांध पुन्हा घातला. त्यावर गिरिपुष्पाच्या फांद्या आणि मधोमध एक कडुनिंब लावला. खड्डा वडिलांनी खणला. कडुनिंब सध्या माझ्या खांद्याला लागतो आहे. त्या आजोबांना मी तसे पत्राने कळवले.

आपल्यापैकी कोणी पुढे अभ्यासदौऱ्यावर फ्रान्सला गेला, तर एक दिवस मागून घ्या आणि एखाद्या लहान गावात उतरा. तेथील म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा की त्याने आयुष्यात कोणती गोष्ट पाडली आणि परत लावली. आणि घरी आल्यावर आपल्या बांधावर जाऊन उभे राहा.